एका हाताची आरती

१

रेशमी रुमालाची गाठ सुटली आणि जयंतीबाईंच्या हातात आली ती शाळेची वही.

निळ्या पुठ्ठ्याची, गुळगुळीत, इथल्या कुठल्याही डच सुपरमार्केटात मिळते तसली. ऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. कीर्तनाला आलेली सत्तरेक माणसं प्रसादाचा द्रोण हातात घेऊन बघत होती. मागच्या रांगेत कोणी टाळ्या वाजवायलाही लागलं होतं.

"ही नव्हे," जयंतीबाई म्हणाल्या. "बाबांची वही मेणकापडाची होती. मी हात लावलाय तिला. ही नव्हे."

एनस्खेडेहून ती वही घेऊन आलेली विलेमाइन पांढरीफटक पडली. तिला मराठी येत नाही, पण एवढं समजायला भाषा लागत नव्हती.

मी पेटीपाशी होते. नाव वृंदा. आठवडाभर स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्याच्या कामात भोक कुठे आहे ते शोधते. आणि महिन्यातून एका रविवारी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या या हॉलमध्ये भार्गवीच्या कीर्तनाला पेटीची साथ करते. भार्गवी आइंडहोवनला संगणकाच्या चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करते. पण हातात चिपळ्या घेऊन उभी राहिली की ती पोर माझ्यापेक्षा वयाने मोठी वाटायला लागते.

त्या दिवशी तिने आख्यान घेतलं होतं जयंतीबाईंच्या वडिलांचंच. भिकाजी सावर्डेकर. चिपळूणजवळच्या सावर्ड्याचे, इंग्रजांच्या फौजेत पूल बांधणारे हवालदार. पंचेचाळीस साली महायुद्ध संपल्यावर त्यांच्या पलटणीला जावा बेटावर नेलं. इंडोनेशियाने नुकतंच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, डच ते मानायला तयार नव्हते. भिकाजी एके दिवशी छावणीतून निघून गेले आणि त्या नव्या देशाच्या सैन्यात इंजिनियर झाले. चार वर्षं पूल बांधले, पूल उडवले, आणि एका पुलापाशीच मारले गेले. सावर्ड्यात बातमी पोचली ती एवढीच, की भिकाजी पळाला. जयंतीबाईंची आई मरेपर्यंत पळपुट्याची बायको म्हणूनच राहिली.

भिकाजींच्या खिशातली वही एका डच शिपायाने घेतली. ती पंचाहत्तर वर्षं एनस्खेडेच्या एका माळ्यावर पडून होती. विलेमाइन त्या शिपायाची नात; काही दिवसांपूर्वी तिने जयंतीबाईंच्या घरी येऊन ती वही दाखवून नेली होती. वहीत पुलांची चित्रं होती, मोजमापं होती, आणि शेवटची दहा-बारा पानं जाड दोऱ्याने शिवून बंद केलेली. वर तीन शब्द: 'चि. जयंतीसाठी फक्त.'

ती पानं कोणीच उघडली नव्हती. आरती झाली, प्रसाद झाला, की जयंतीबाईंनी ती सगळ्यांदेखत उसवायची असं ठरलं होतं.

"पोलिसांना बोलवू या," विलेमाइन म्हणाली.

जयंतीबाईंनी माझा हात धरला. "पोलीस नकोत. वृंदा, डॉक्टर म्हणालेत, वाचण्यापुरती नजर दोन-तीन महिने राहील. बाबा का गेले ते मला त्यांच्या अक्षरात वाचायचंय. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं नकोय. शोधशील?"

त्यांचा मुलगा रमेश मागे उभा होता. आख्यानात त्याने तीनदा डोळे पुसले होते, मी पाहिलं होतं. "आई, आता घरी चल," तो म्हणाला, आणि उजव्या हाताने त्याने आईची शाल सारखी केली.

"खांदा दुखतोय का रे?" मी सहज विचारलं.

"फ्रोझन शोल्डर," तो म्हणाला. "डावा हात वरच जात नाही."

२

वही बाजूच्या खोलीत, कोटांच्या खुंट्यांखाली, चौरंगावर ठेवली होती. पूर्वरंग संपून भार्गवीला हार घातला तेव्हा मी स्वतः तिथे पाणी प्यायला गेले होते. रुमालातून मेणकापडाचा कोपरा दिसत होता. म्हणजे अदलाबदल झाली ती आख्यान चालू असताना.

त्या खोलीचं दार माझ्या समोर येतं. कीर्तनाला आलेली माणसं कीर्तनकाराकडे बघतात; पेटीवाली माणसांकडे बघत असते. त्या तासाभरात चौघं आत गेले. मराठी मंडळाचा अध्यक्ष सुबोध, माइकची बॅटरी आणायला. विलेमाइन, खोकला आला म्हणून. रमेश, प्रसादाचे डबे आणायला. आणि रमेशची बायको चारुता, आरतीचं ताट घ्यायला.

दुसऱ्या दिवशी सुबोध मला स्लोटरडाइक स्टेशनावर कॉफी प्यायला भेटला. आल्या आल्या त्याने नाव घेतलं.

"विलेमाइन, दुसरं कोण! तिच्या आजोबाने भिकाजींना मारलं असेल. शिवलेल्या पानांत ते लिहिलेलं असलं तर?"

"मेलेला माणूस कसं लिहील रे, मला कोणी मारलं ते?"

"तसं नाही हो ताई. मागचं काहीतरी. गावं जाळलेली, कैदी मारलेले."

"मग तिने वही आणलीच कशाला? माळ्यावर होती तिथेच राहिली असती."

सुबोधने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्यावर संशय घेऊ नका हं. मी त्या वहीसाठी काचेची पेटी करायला टाकलीय. हॉलला भिकाजींचं नाव द्यायचंय. पोस्टर डचमध्येसुद्धा केलं होतं, माहितीय ना? त्याला उत्तरंही आली. डेन हागच्या कोणा बाईंनी तर जयंतीबाईंसाठी मंडळाच्या पत्त्यावर बंद पाकीट पाठवलं. ते मी रमेशकडे दिलं. मग त्या बाईंचं मेलही आलं, दुःखात सहभागी वगैरे."

"कसलं दुःख?"

"भिकाजींचं असेल. पंचाहत्तर वर्षांनी दुखवटा! म्हातारी माणसं. मी पहिली ओळ वाचून सोडून दिलं, माझं डच तुम्हाला माहितीय."

विलेमाइनला फोन केला. 

"तुम्ही माझ्यावर संशय घेतला तर मला राग येणार नाही," ती म्हणाली. "आजोबांनी ती वही मेलेल्या माणसाच्या खिशातून काढली. वर शर्यतीच्या ढालीसारखी जपली. दर वाढदिवसाला काढून दाखवायचे आम्हाला. केक खाता खाता. मला ते आठवलं की अजून मळमळतं. ती वही घरातून कधी जाते असं झालं होतं मला, आणि योग्य घरी जावी म्हणून दोन वर्षं पत्ते शोधत होते."

फोन ठेवला तेव्हा मला तिच्याबद्दल शंका उरली नव्हती. किळस अशी खोटी आणता येत नाही.

३

निळी वही मी घरी आणली होती. टेबलावर ठेवून दिवा जवळ घेतला.

चोराने घाईत काहीतरी उचललेलं नव्हतं. आकार जवळपास तोच, जाडी तीच. म्हणजे खरी वही त्याने आधी हाताळली होती, आणि जुळणारी वही घरून आणली होती. कीर्तनाला निघताना, अंगावर धुतलेला कुर्ता चढवून, कपाळाला गंध लावून, काखेत ही वही. 

सगळी पानं कोरी. पहिलं पान मात्र फाडलेलं. शिवणीपाशी कागदाची चिंधी उरली होती आणि त्या चिंधीवर पिवळा डाग. मी नखाने खरवडून वास घेतला. हळद.

वीस वर्षं परदेशात काढली तरी हे कळायला मला दुसरा पुरावा नको होता. महिन्याभरापूर्वी दसरा झाला. आपण काय करतो? पोराची नवी वही घेतो, पहिल्या पानावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतो, हळदकुंकू वाहतो. चोराला सरस्वतीचं पान दिसलं, त्याने ते फाडलं, आणि समजला, वही आता कोणाचीही.

पण बॉलपेन दाबून धरलं की खालच्या पानावर वळ उठतात. मी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवली. पांढऱ्या रेघांत एकाचे आकडे उमटत गेले, त्रिकोणात त्रिकोण, वर डोकं. सरस्वतीच. फक्त तिच्या पायाखाली आणखी काहीतरी होतं. एक कमान, आणि कमानीवर उभ्या रेघा. कंगव्यासारखं. असली सरस्वती मी कधी पाहिली नव्हती.

म्हणजे संशयातून विलेमाइन सुटली. सुबोधच्या घरात मूल नाही. राहिले रमेश आणि चारुता. मला ते नको होतं, म्हणून मी मुद्दाम म्हटलं, इथे मराठी घरं शेकड्याने आहेत. आधी बघू तर.

४

मंगळवारी संध्याकाळी पाचला मी जयंतीबाईंकडे गेले. चारुताने दार उघडलं, आणि खुर्चीतून जयंतीबाईंनी डोळ्यांना ताण देऊन विचारलं, "मिळाली?"

"अजून नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली. पुढ्यात भिंग होतं, पुसून लख्ख ठेवलेलं. वाचायला काही नसताना.

सवयीने मी आधी देवघरापाशी गेले. रमेश रोज पूजा करतो, नेमाने. देवघराला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला चालत नाही. मी हात जोडले. बाळकृष्ण जरा कलला होता. निरांजनातलं तूपही एका बाजूला ओघळलेलं. मी निरांजन सरळ केलं, ते पुन्हा कललं. देवांखालचं वस्त्र नवं होतं, दुहेरी घडीचं.

स्वयंपाकघरात चारुता म्हणाली, "चहाचा मोठा टोप काढून द्या हो." रमेशने टाचा उंचावल्या, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा टोप अलगद खाली घेतला. कुंथला नाही, थांबला नाही.



फ्रिजवर चुंबकाने एक छोटी पाटी लटकवली होती. दसऱ्याची. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती. तिच्या पायाखाली कमान, कमानीवर उभ्या रेघा.

"हे काय काढलंय, मावशी?" मी विचारलं. 

"पूल गं," त्या हसल्या. "माझी आई काढायची. तिला नवऱ्याचं एवढंच ठाऊक होतं, की तो पूल बांधतो. मग दसऱ्याला सरस्वतीखाली एक पूल. त्यावरून परत येतील म्हणायची. मी अजून काढते. पाटीवर एक, ईशानीच्या वहीत एक."

ईशानी, त्यांची सोळा वर्षांची नात, मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "पण आजी, माझी वही इज गॉन. आय लुक्ड एव्हरीव्हेअर."

"तुझं काही जागेवर असतं का?" रमेश लगेच म्हणाला.

"असतं! तूच थ्रो करतोस सगळं. आजीचं कार्डपण तू टाकलंस." ती माझ्याकडे वळली. "वृंदामावशी, इट वॉज सो फनी. आजीला आजीकडून कार्ड आलं होतं. वर जयंती, खाली पण जयंती. पप्पा म्हणाला स्पॅम."

"स्पॅमच होतं," रमेश म्हणाला.

मी चहा अर्धा टाकून उठले. ट्रामच्या थांब्यावरून सुबोधला फोन केला: डेन हागच्या त्या बाईंचं मेल मला आत्ताच्या आत्ता पाठव. दोन मिनिटांत आलं. पहिल्या ओळीत दुखवटा होता. दुसरी ओळ वाचली आणि मी बाकावर बसले. ट्राम आली, दारं उघडली, मिटली. मी चढले नाही. उलट पावली परत त्याच घराकडे निघाले.

५

"रमेश," मी म्हटलं, "तू आरती एका हाताने घेतलीस."

सगळे बाहेरच्या खोलीत होते. चारुता माझ्याकडे बघत राहिली.

"चारुता ताट घेऊन तुझ्यासमोर आली. प्रत्येकाने दोन्ही तळवे ज्योतीवर धरले आणि डोळ्यांना लावले. लहान पोरांनीसुद्धा. तू फक्त उजवा धरलास. डावा हात बंडीच्या आत, कुशीला दाबून. मला वाटलं, खांदा दुखत असेल. तूही तेच सांगितलंस. आणि आज त्याच हाताने टोप काढलास."

"म्हणजे मी चोर?" तो हसायला गेला. "स्वतःच्या आईचा?"

मी निळी वही टेबलावर ठेवली आणि पेन्सिल फिरवलेलं पान उघडलं. जयंतीबाईंनी भिंग घेतलं. बराच वेळ लागला त्यांना. मग त्यांचं बोट कमानीवर थांबलं.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "हा पूल दुसरं कोणी काढत नाही."

"दुसऱ्याच्या घरची वही आणली असतीस तर सुटला असतास," मी रमेशला म्हटलं. "पान फाडलंस, पण आईचा हात दाबून लिहितो हे विसरलास. चारुताने ही अदलाबदल केली असती तर खरी वही लपवायला तिला हात रिकामा नव्हता. आरतीभर दोन्ही हातांत ताट होतं. ईशानी त्या खोलीत गेलीच नाही. राहिलास तू."

"कशासाठी पण?" चारुताचा आवाज फुटला. "अहो, तुम्ही तर त्यांचं नाव हॉलला द्या म्हणून मागे लागला होता!"

"नाव हवं होतं," मी म्हटलं. "माणूस नको होता. डेन हागच्या बाईंनी पाकिटातून कार्ड पाठवलं. वर जयंती, खाली जयंती. त्यांनी लिहिलं असणार, की माझी आई सांगायची, बाबांनी थोरलीसाठी सगळं लिहून पानं शिवून ठेवलीत. तेव्हा याला कळलं त्या पानांत काय आहे ते. मावशी, भिकाजींनी तिकडे संसार केला होता. तुम्हाला बहीण आहे, इंडोनेशियातून इकडे आलेली."

जयंतीबाईंनी भिंग खाली ठेवलं.

रमेश भडकला. "हो! आहे! मुसलमान आहे ती. नमाज पढते. काय सांगायचं मी लोकांना? ज्याचं कीर्तन केलं त्याने धर्म सोडला म्हणून? उद्या ती बाई दारात उभी राहील, डोक्यावर फडकं बांधून, आणि माझी आई तिला मिठी मारेल? किळस येते मला!"

"आणि मला तुझी," मी म्हटलं. "हे तिचं मेल आहे. 'तुमच्या जयंतीबाई गेल्याचं त्यांच्या मुलाने कळवलं. फार वाईट वाटलं. मला माझ्या थोरल्या बहिणीला एकदा तरी पाहायचं होतं. आता कीर्तनाला यायचा धीर होत नाही.' पोस्टरवर बापाचं नाव पाहून पत्र लिहिणारी बाई तासाभराच्या अंतरावरून येत नाही, याचं मला नवल वाटत होतं. तू आईला मारून टाकलंस, रमेश. पत्रात. आणि मग तिच्या शेजारी बसून करुणेच्या ओळींना डोळे पुसलेस."

मी बरीच माणसं पाहिली आहेत कीर्तनाला. झोपणारी, फोन बघणारी, प्रसादापुरती येणारी. त्यांचा कधी राग आला नाही. पण ते डोळे पुसणं आठवलं की अजून तोंडात कडवट येतं. पेटीवर मी त्याच्यासाठी सूर लांबवला होता, रडू दे बिचाऱ्याला म्हणून.

"वही कुठे आहे?" चारुताने विचारलं. 

"देवांखाली," मी म्हटलं. "म्हणून निरांजन कलतंय. देवघराला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही ना याला."

ईशानीने आणली. बाळकृष्ण तिने आधी नीट बाजूला ठेवला. रमेश पुढे झाला तशी ती म्हणाली, "डोन्ट टच इट." अगदी हळू.

"चांगल्या जागी होती," जयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी मेणकापडावरून हात फिरवला. "कात्री दे."

६

शिवण त्यांनीच उसवली. एकेक टाका. भिंग लावून वाचू लागल्या, आधी मनात, मग ओठ हलवत, मग मोठ्याने.

"'चि. जयंतीस अनेक आशीर्वाद. गावाला आग लावायचा हुकूम झाला. मी विचारलं, आत कोण? साहेब म्हणाला, तू फक्त दारू पेर. आत बायका होत्या, तान्ही पोरं होती. तुझी आठवण झाली, तू तेव्हा एक वर्षाची. मला रात्रभर ओकाऱ्या झाल्या. मी पळालो नाही बाळ. नदी ओलांडली. पलीकडच्यांना पूल हवे होते आणि मला पूल येतात.'"

त्या थांबल्या. डोळे मिचकावले, पान आणखी जवळ घेतलं.

"'तुला पाहिलं नाही. इथे तुला बहीण झाली. तिचं नावही जयंतीच ठेवलं, म्हणजे तुझं नाव माझ्या तोंडात रोज येईल. हे तुझ्या आईस कसं सांगू, कळत नाही. तू मोठी झालीस की तू सांग.'"

चारुता रडत होती. जयंतीबाई नाही. त्यांनी वही मिटली. आईला सांगायची वेळ कधीच निघून गेली होती.

रमेश दारापाशी उभा होता. "आई," तो म्हणाला आणि पाया पडायला वाकला.

त्यांनी पाय मागे घेतले. "आधी हात धू," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

तो आत गेला. नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

"वृंदा, त्या मेलमध्ये नंबर आहे?"

होता. मी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मग लक्षात आलं, पलीकडची जयंती डच बोलणार आणि इकडची मराठी. ईशानी खुर्चीच्या हातावर येऊन बसली, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे उचलला गेला. म्हातारा, सावध आवाज. ईशानीने डचमध्ये आपलं नाव सांगितलं, मग बोटांनी फोन झाकला. या घरात तिला निव्वळ मराठीत प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"आजी, तिला काय सांगू? कोण बोलतंय म्हणून सांगू?"

जयंतीबाईंनी पदराने भिंग पुसलं, घडी करून ठेवलेल्या रुमालावर नीट ठेवलं, आणि फोनकडे वाकल्या.

"सांग," त्या म्हणाल्या, "मेलेली बहीण बोलतेय."